अल्गॉन्क्विन आणि अल्गोमा येथील चित्रकारांचे वनमुक्काम

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यानात (इ.स. १९१२ ते १९१७) आणि अल्गोमा प्रदेशात (इ.स. १९१८ पासून पुढील काही वर्षे) टोरँटो शहरातील चित्रकारांनी तंबू, होडी व रेल्वेचा मालडबा यांच्या आधाराने केलेली चित्रणासाठीची वास्तव्ये म्हणजे हे वनमुक्काम होत. यात सहभागी झालेल्यांपैकी बहुतेक जण त्या वेळी छपाईच्या व जाहिरातीच्या व्यवसायात नोकरी करणारे, स्वतंत्र चित्रकार म्हणून अद्याप नाव न झालेले असे होते. टॉम थॉमसन (१८७७–१९१७) हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्रकार होय. या मुक्कामांतूनच १९२० साली 'ग्रुप ऑफ सेव्हन' हा सात चित्रकारांचा समूह उदयास आला आणि कॅनडाच्या निसर्गचित्रणाला स्वतंत्र ओळख मिळाली. नवोदित कलावंतांना रानात नेऊन तेथे काम करू देणारे आजचे निवासी उपक्रम या प्रयोगाशी नाते सांगतात. मात्र मुळात हे कोणा संस्थेने आखलेले शिबिर नव्हते. मित्रांची संगत, एका डॉक्टराचे औदार्य आणि एका श्रीमंत चित्रकाराचा पैसा एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले.

पार्श्वभूमी

अल्गॉन्क्विन उद्यानाची स्थापना १८९३ साली झाली. टोरँटोच्या उत्तरेस, जॉर्जियन उपसागर आणि ओटावा नदी यांच्या दरम्यान असलेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर असून त्यात दोन हजारांहून अधिक तळी आहेत. दक्षिणेकडील पानझडीची आणि उत्तरेकडील सूचिपर्णी अशी दोन्ही प्रकारची अरण्ये येथे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस मेपल वृक्षांची लाल पाने, बर्चची पिवळी पाने आणि स्प्रूस व पाइन यांचा काळसर हिरवा रंग एकाच नजरेत येतो. चित्रकाराला याहून मोठे आमिष कोणते दाखवावे?

परंतु या रानाचे 'अस्पर्श' असे जे वर्णन पुढे रूढ झाले, ते खरे नाही. लाकूड-व्यापारी जे. आर. बूथ यांचा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्यानाच्या दक्षिण भागातून गेला होता. कनू लेक या तळ्याच्या काठी गिल्मोर कंपनीने लाकूडकटाईसाठी मोवाट नावाची वस्ती वसविली होती. कंपनीचे दिवाळे निघाल्यावर ती ओस पडली. थॉमसन तेथे गेला तेव्हा मोडक्या इमारती, बंधारे, तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि वणव्याने जळालेल्या टेकड्या हेही त्या निसर्गाचे भाग होते. जुन्या वस्तीतील एका इमारतीत शॅनन फ्रेझर व त्यांची पत्नी अ‍ॅनी यांनी 'मोवाट लॉज' हे विश्रामगृह चालविले होते. आगगाडीमुळे टोरँटोहून येथे पोहोचणे सोपे झाले होते. नोकरदार चित्रकारांना पंधरा दिवसांच्या सुट्टीत रान गाठता आले ते याच लाकूडकटाईच्या मार्गामुळे.

ग्रिप कंपनीतील मंडळी

टोरँटोतील 'ग्रिप लिमिटेड' ही आरेखन व मुद्रण करणारी कंपनी होती. तेथे जे. ई. एच. मॅकडोनल्ड हे प्रमुख आरेखक होते. टॉम थॉमसन, आर्थर लिस्मर, फ्रँक जॉन्स्टन, फ्रँकलिन कारमायकेल आणि फ्रेडरिक व्हार्ली हे सर्व वेगवेगळ्या वेळी या कंपनीत कामास होते. लिस्मर व व्हार्ली हे दोघे इंग्लंडमधील शेफील्ड शहरातून नुकतेच आलेले होते. दिवसभर जाहिराती, पुस्तकांच्या सजावटी आणि अक्षरलेखन करावयाचे व शनिवार-रविवारी शहराबाहेर जाऊन रंगवावयाचे, असा या मंडळींचा क्रम असे. सपाट रंगक्षेत्रे आणि ठसठशीत बाह्यरेषा ही जी वैशिष्ट्ये त्यांच्या चित्रांत पुढे दिसतात, त्यांचे मूळ या पोटापाण्याच्या कामात आहे. नोकरीने त्यांचा वेळ घेतला हे खरे, पण हात तयार केला तोही नोकरीनेच.

कंपनीबाहेरचे दोन चित्रकार या गटाला येऊन मिळाले. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या मॅसी-हॅरिस उद्योगाच्या घराण्यातील लॉरेन हॅरिस यांना पैशाची ददात नव्हती. मॉन्ट्रियलचे ए. वाय. जॅक्सन यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले होते, परंतु कॅनडात त्यांची चित्रे विकली जात नव्हती. हॅरिस यांनी १९१३ साली जॅक्सन यांचे एक चित्र विकत घेतले आणि तेथून त्यांचा टोरँटोशी संबंध जुळला. त्याच वर्षी जानेवारीत मॅकडोनल्ड व हॅरिस हे अमेरिकेतील बफेलो येथे भरलेले स्कँडिनेव्हियन चित्रांचे प्रदर्शन पाहून आले. बर्फ, पाइनची झाडे, थंड प्रकाश अशा आपल्याकडच्याच गोष्टी तिकडचे चित्रकार धीटपणे रंगवीत आहेत, हे पाहून दोघांचाही उत्साह दुणावला.

टॉम थॉमसन आणि अल्गॉन्क्विन

थॉमसन याचा जन्म ५ ऑगस्ट १८७७ रोजी ऑन्टारियोतील क्लेअरमाँट येथे झाला. त्याचे बालपण ओवेन साउंडजवळील लीथ या गावी गेले. चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण त्याला फारसे मिळाले नाही. मे १९१२ मध्ये ग्रिपमधील एका सहकाऱ्याबरोबर तो प्रथम अल्गॉन्क्विन उद्यानात गेला, तेव्हा त्याचे वय ३४ वर्षांचे होते. वयाने तो तरुण म्हणावा असा नव्हता. चित्रकार म्हणून मात्र पूर्ण नवखा होता. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विल्यम ब्रॉडहेड या सहकाऱ्यासह तो मिसिसागी राखीव वनात दोन महिने होडीने हिंडला. वाटेत होडी उलटली आणि त्या मोसमातील स्केचेस व छायाचित्रे यांचा मोठा भाग पाण्यात गेला.

तरीही जे उरले त्यातून त्याने 'अ नॉर्दर्न लेक' हे मोठे चित्र रंगविले. १९१३ साली ऑन्टारियो सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि ऑन्टारियो सरकारने ते २५० डॉलरना विकत घेतले. नोकरी सोडावी की नाही या विवंचनेत असलेल्या माणसाला हा मोठाच आधार होता.

खरा निर्णय मात्र डॉ. जेम्स मॅकॅलम यांच्यामुळे घडला. टोरँटोतील हे नेत्रतज्ज्ञ स्वतः रानावनाचे शौकीन होते आणि जॉर्जियन उपसागराच्या काठी त्यांचे घर होते. जॅक्सन आणि थॉमसन या दोघांनी वर्षभर केवळ चित्रकलेला वाहून घेतल्यास त्यांचा वर्षाचा खर्च आपण सोसू, असे त्यांनी सांगितले. याच सुमारास मॅकॅलम व हॅरिस यांच्या पैशातून टोरँटोतील रोझडेल दरीत 'स्टुडिओ बिल्डिंग' ही सहा चित्रशाळांची इमारत उभी राहिली. वास्तुविशारद ईडन स्मिथ यांनी तिचा आराखडा केला होता. जानेवारी १९१४ मध्ये जॅक्सन व थॉमसन हे तेथील एका चित्रशाळेत एकत्र राहू लागले. पुढे थॉमसन इमारतीमागील लाकडी खोपटात राहावयास गेला. त्याचे भाडे महिना एक डॉलर होते. उन्हाळ्यात रान आणि हिवाळ्यात खोपट असे त्याचे जीवन अखेरपर्यंत राहिले.

या मंडळींचे सर्वांनीच स्वागत केले असे नाही. डिसेंबर १९१३ मध्ये 'टोरँटो स्टार' या वृत्तपत्रात एच. एफ. गॅड्सबी यांनी त्यांची 'हॉट मश स्कूल' अशी टर उडविली. गरम लापशी फासल्यासारखी ही चित्रे, असा त्याचा भावार्थ. मॅकडोनल्ड यांनी त्याच वृत्तपत्रातून त्यास सडेतोड उत्तर दिले.

मुक्कामाची पद्धत

थॉमसनजवळ एक तंबू, एक कनू आणि स्वयंपाकाची थोडी भांडी असत. कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, वजनाला हलकी होडी असून ती एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे खांद्यावर उचलून नेता येते. मूळ रहिवासी जमातींनी घडविलेले हे साधन नसते, तर या चित्रांपैकी पुष्कळशी निघालीच नसती. शिधा म्हणून पीठ, खारवलेले मांस, बटाटे व चहा आणि जोडीला तळ्यातले ट्राउट मासे. थॉमसन हा मासेमारीत तरबेज होता. उद्यानातील लोक त्याला चित्रकार म्हणून कमी आणि मासे पकडणारा म्हणून अधिक ओळखत. मे-जूनमध्ये काळ्या चावऱ्या माश्यांचा उच्छाद असे, तर शरद ऋतूत पहाटे गारठा पडे.

चित्रणाचे साहित्य रानातील हालचालीला साजेसे होते. सुमारे २१ × २६ सेंटीमीटर आकाराची लाकडी फळी, तैलरंग आणि एक लहान पेटी. या पेटीत ओल्या रंगाच्या फळ्या एकमेकींना न चिकटता ठेवण्यासाठी खाचा केलेल्या असत. पेटी मांडीवर ठेवून तिच्या उघड्या झाकणाशी फळी टेकवावयाची आणि एका बैठकीत चित्र संपवावयाचे. ढग सरकतात, वारा पडतो, प्रकाश पालटतो. तेव्हा विचारास सवड नसते. काही स्केचेसमध्ये फळीचा मूळ तांबूस रंग तसाच सोडलेला दिसतो, तो याच घाईमुळे आणि पुढे जाणूनबुजूनही. अशा लहान फळ्यांवरील सुमारे ४०० चित्रे आणि जवळपास ५० मोठी कॅनव्हासवरील चित्रे थॉमसनच्या नावावर आहेत. ही सर्व निर्मिती जेमतेम पाच-सहा वर्षांतील आहे.

हिवाळ्यात टोरँटोला परतल्यावर निवडक स्केचेसवरून मोठी चित्रे केली जात. नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडाने १९१५ साली ५०० डॉलरना घेतलेले 'नॉर्दर्न रिव्हर', त्याच संग्रहालयातील 'द जॅक पाइन' (१९१६–१७) आणि टोरँटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारियोमधील 'द वेस्ट विंड' (१९१६–१७) ही त्यांतील ख्यातनाम चित्रे होत. 'द जॅक पाइन'चे मूळ स्केच ग्रँड लेक येथे झाले. १९१६ साली थॉमसन त्या भागात वणवा-रक्षक म्हणून नोकरीस होता. रानात राहून चित्रे काढण्यासाठी त्याला रानातलीच नोकरी पत्करावी लागली होती. अभ्यासकांपैकी अनेक जण मोठ्या चित्रांपेक्षा लहान फळ्यांना अधिक मोल देतात. 'द वेस्ट विंड'सारख्या चित्रात रचना आखीव वाटते. फळीवर मात्र तो क्षण जसाच्या तसा उतरलेला दिसतो. हे मत मान्य करण्याजोगे आहे.

१९१४ सालचा शरद

१९१४ सालच्या मे महिन्यात लिस्मर प्रथमच थॉमसनबरोबर उद्यानात तंबू ठोकून राहिले. शरद ऋतूत जॅक्सन, लिस्मर, व्हार्ली आणि थॉमसन असे चौघे तेथे एकत्र आले. लिस्मर व व्हार्ली यांची कुटुंबेही बरोबर होती. शिकणे-शिकविणे येथे दोन्ही बाजूंनी चालले होते. जॅक्सन यांनी पॅरिसमध्ये मिळविलेले रंगज्ञान थॉमसनला दिले, तर रानात कसे वावरावे, कोठे काय पाहावे हे थॉमसनने त्यांना दाखविले. ऑक्सटंग नदीच्या काठी केलेल्या स्केचवरून जॅक्सन यांनी 'द रेड मेपल' हे चित्र रंगविले. खळाळत्या काळसर पाण्यापुढे लाल पानांची एक बारीक फांदी एवढाच त्याचा विषय आहे.

या मुक्कामापूर्वी दोनच महिने युरोपात महायुद्ध पेटले होते. हे चौघे पुन्हा कधीही असे एकत्र आले नाहीत. जॅक्सन १९१५ साली सैन्यात दाखल झाले आणि जून १९१६ मध्ये बेल्जियममधील लढाईत जखमी झाले. नंतर ते व व्हार्ली युद्धचित्रकार म्हणून कामास लागले. लिस्मर हॅलिफॅक्सच्या कलाविद्यालयात गेले.

थॉमसनचा मृत्यू

८ जुलै १९१७ रोजी थॉमसन कनू लेकवर होडी घेऊन निघाला तो परतला नाही. होडी रिकामी आढळली आणि १६ जुलै रोजी त्याचा मृतदेह तळ्यात सापडला. त्याच्या कपाळाच्या बाजूस जखमेची खूण होती. अधिकृत चौकशीत अपघाताने बुडून मृत्यू असा निर्णय देण्यात आला. प्रथम मोवाट येथील लहानशा दफनभूमीत त्याला पुरण्यात आले आणि नंतर कुटुंबीयांच्या इच्छेनुसार शव लीथ येथे हलविले गेले. पट्टीचा होडीवाला शांत तळ्यात कसा बुडाला, या प्रश्नावरून खून, भांडण, आत्महत्या असे अनेक तर्क लढविले गेले आणि त्यावर पुस्तकेही निघाली. यांपैकी कोणताही तर्क सिद्ध झालेला नाही. त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या मृत्यूचीच चर्चा अधिक व्हावी, हे दुर्दैव म्हटले पाहिजे. तो गेला तेव्हा ३९ वर्षांचा होता.

सप्टेंबर १९१७ मध्ये मॅकडोनल्ड आणि जे. डब्ल्यू. बीटी यांनी कनू लेकच्या काठी दगड रचून त्याचे स्मारक उभारले. त्यावरील लेख मॅकडोनल्ड यांनी सिद्ध केला.

अल्गोमातील मालडबा

थॉमसनच्या मृत्यूनंतर मित्रांना अल्गॉन्क्विनला जाणे जड वाटू लागले. हॅरिस यांच्यावर तर दुहेरी आघात झाला होता. त्यांचा भाऊ १९१८ साली युद्धात मारला गेला आणि स्वतः ते मानसिक आजाराने खचून सैन्यातून मुक्त झाले. त्या वर्षी वसंतात डॉ. मॅकॅलम यांच्यासह ते सुपीरियर सरोवराच्या पूर्वेकडील अल्गोमा प्रदेशात गेले. तेथील कडे, धबधबे आणि दऱ्या पाहून त्यांनी शरद ऋतूत मित्रांना तेथे नेण्याचे ठरविले. खर्चाचा भार मुख्यतः त्यांनीच उचलला.

सप्टेंबर १९१८ मध्ये हॅरिस, मॅकडोनल्ड, जॉन्स्टन आणि मॅकॅलम यांची पहिली सफर निघाली. अल्गोमा सेंट्रल रेल्वेने १०५५७ क्रमांकाचा एक मालडबा त्यांच्यासाठी सजविला होता. त्यात खिडक्या, झोपण्याचे फळ्यांचे माळे, शेगडी, मेज व दिवे यांची सोय होती. मालगाडी हा डबा ओढून नेई आणि ठरलेल्या ठिकाणी बाजूच्या रुळावर सोडून देई. काही दिवसांनी दुसरी गाडी येऊन तो पुढच्या मुक्कामी पोहोचवी. अगावा दरी, ह्युबर्ट व बॅचावाना या ठिकाणी असे मुक्काम झाले. जवळपास हिंडण्यासाठी कनू आणि हाताने चालविण्याची तीन चाकी रूळगाडी होती. तंबूपेक्षा हा निवारा बराच ऐषारामी. पण पाऊस आणि गारठा यांच्या त्या मोसमात मालडब्यामुळेच रोजचे काम होऊ शकले.

पुढील वर्षी, १९१९ साली, जॅक्सनही या सफरीत सामील झाले. दिवसभर चित्रे काढून संध्याकाळी शेगडीभोवती बसावयाचे, एकमेकांची स्केचेस भिंतीशी मांडून त्यांची परखड चिकित्सा करावयाची आणि मग प्लेटोपासून थिऑसफीपर्यंत वाद घालावयाचा, असा तेथील परिपाठ होता. हॅरिस पुढे थिऑसफिकल सोसायटीचे सभासद झाले. याच सोसायटीचे जागतिक मुख्यालय भारतात अड्यार येथे आहे. त्यांच्या नंतरच्या चित्रांतील निर्जन, प्रकाशमान पर्वत पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

अल्गोमाच्या मुक्कामांनी सर्वाधिक लाभ मॅकडोनल्ड यांना झाला. 'द वाइल्ड रिव्हर' (१९१९) व 'द सॉलेम लँड' (१९२१) ही त्यांची चित्रे याच प्रदेशातील आहेत. ७ मे १९२० रोजी टोरँटोच्या आर्ट म्युझियममध्ये 'ग्रुप ऑफ सेव्हन'चे पहिले प्रदर्शन उघडले. हॅरिस, मॅकडोनल्ड, जॅक्सन, लिस्मर, व्हार्ली, जॉन्स्टन आणि कारमायकेल हे ते सात जण. थॉमसन समूहाचा सदस्य कधीच नव्हता, कारण समूह स्थापन होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला होता. सर्वसाधारण वाचकांत याविषयी वारंवार गल्लत होते. यानंतर हॅरिस व जॅक्सन सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठी आणि १९३० साली थेट आर्क्टिक प्रदेशात गेले. १९३३ साली समूहाची जागा 'कॅनेडियन ग्रुप ऑफ पेंटर्स' या विस्तृत संघटनेने घेतली.

टीका

समूहाच्या चित्रांत माणसे क्वचितच दिसतात. ओसाड, कोणाचाही हक्क नसलेले रान हेच कॅनडाचे खरे रूप, अशी समजूत या चित्रांनी दृढ केली, असा आक्षेप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घेतला जात आहे. उद्यानाला ज्यांचे नाव मिळाले त्या अल्गॉन्क्विन लोकांचा हा प्रदेश असून त्यांनी तो कोणत्याही कराराने सोडून दिलेला नाही, असा त्यांचा दावा आहे. या दाव्यासंबंधी कॅनडा व ऑन्टारियो सरकारांबरोबर २०१६ साली तत्त्वतः सहमतीचा करार झाला. उद्यानाच्या नियमांमुळे याच लोकांच्या शिकारीवर निर्बंध आले होते, तर शहरातून आलेल्या चित्रकाराला तेथे मुक्तद्वार होते. ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

थॉमसनपुरता मात्र हा आक्षेप थोडा सैल करावा लागतो. 'द ड्राइव्ह' या चित्रात त्याने बंधाऱ्यातून सोडलेले ओंडके आणि 'द पॉइंटर्स'मध्ये लाकूडतोड्यांच्या होड्या रंगविल्या आहेत. वणव्यात होरपळलेल्या टेकड्याही त्याच्या चित्रांत येतात. मानवी खुणा पुसून टाकण्याचे काम त्याच्या हातून कमी आणि त्याची दंतकथा रचणाऱ्यांकडून अधिक झाले.

मूळ समूहात एकही स्त्री नव्हती. रानात तंबू ठोकून महिनोन्‌महिने राहण्याची मोकळीक त्या काळी स्त्री चित्रकारांना सहजासहजी मिळणारी नव्हती. ब्रिटिश कोलंबियातील एमिली कार (१८७१–१९४५) यांची १९२७ साली हॅरिस यांच्याशी भेट झाली आणि बराच काळ मंदावलेले त्यांचे चित्रकार्य पुन्हा जोमाने सुरू झाले. १९३३ साली त्यांनी एक जुनी फिरती घरगाडी विकत घेतली, तिला 'एलिफंट' असे नाव दिले आणि आपली कुत्री व वू नावाची माकडीण यांच्यासह त्या वनात मुक्काम करू लागल्या. त्यांना वर्षाचा खर्च देऊ करणारा कोणी डॉक्टर भेटला नव्हता; उपजीविकेसाठी त्यांनी अनेक वर्षे भाडेकरू ठेवले होते.

नंतरचे उपक्रम

नवोदित कलावंतांना निसर्गात राहून काम करण्याची संधी देणारे उपक्रम आता अनेक देशांत आहेत. अमेरिकेतील कित्येक राष्ट्रीय उद्यानांत 'निवासी कलावंत' योजना चालते. तीत निवडलेल्या कलावंतास काही आठवडे लाकडी घर वा तंबू मिळतो आणि त्याबदल्यात तो एखादे व्याख्यान देतो किंवा आपली कलाकृती उद्यानास भेट देतो. २००८ साली ऑरेगन राज्यात स्थापन झालेल्या 'सिग्नल फायर' या संस्थेने कलावंतांना पाठीवर सामान घेऊन रानात नेले. अल्गॉन्क्विन आणि या उपक्रमांत एक ठळक फरक आहे. आजची निवासमुदत बहुधा काही आठवड्यांची असते. थॉमसन एकाच तळ्याकाठी वसंत ते शरद राहत असे आणि त्यासाठी त्याच्यापाशी वर्षाची हमी होती.

थॉमसनचे टोरँटोतील खोपट १९६२ साली क्लाइनबर्ग येथे हलविण्यात आले. आता ते तेथील मॅकमायकेल कॅनेडियन आर्ट कलेक्शन या संग्रहालयाच्या आवारात पाहता येते. समूहातील अनेक चित्रकारांच्या समाधीही याच आवारात आहेत. कनू लेकवरील दगडी स्मारकापाशी आजही पोहोचावयाचे ते होडीनेच.